सर्व्हर नवा, प्रिंटर जुना

आखातातल्या कुठल्याही जुन्या व्यापारी कंपनीच्या गोदामात जा, एका कोपऱ्यातून कर्र-कर्र असा आवाज येतोच. ओळ संपली की क्षणभर शांतता, मग पुन्हा कर्र. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आपल्या मुलांना ते यंत्र दाखवले तर ती विचारतात, "बाबा, हे अजून चालतं?" चालते. नुसते चालत नाही, तर शारजातल्या औद्योगिक भागात कित्येक मालमोटारी त्याच्या कागदाशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत.

म्हणूनच कंपनीचा सर्व्हर बदलला आणि हे प्रिंटर मुके झाले की काय होते, हे सांगण्यासारखे आहे. माझे कामच संगणक दुरुस्तीचे, त्यामुळे हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांचा स्वतःचा धंदा आहे, काहींचे भाऊबंद गावाकडे दुकान चालवतात. त्यांना यातले काही उपयोगी पडेल.

हे यंत्र टिकले कसे?

लेझर प्रिंटर कागदावर भुकटी चिकटवतो, इंकजेट शाई उडवतो. डॉट मॅट्रिक्स मात्र ठोकतो. त्याच्या डोक्यात ९ किंवा २४ बारीक सुया असतात. त्या रिबिनीवर आपटतात आणि ठिपक्यांतून अक्षर उमटते. हा ठोका खालच्या कागदांपर्यंत पोचतो. त्यामुळे कार्बनचा किंवा बिनकार्बनचा तीन पदरी कागद घातला की एकाच वेळी तीन प्रती तयार.

माल पोचवण्याच्या चलनाला, म्हणजे इकडच्या भाषेत डिलिव्हरी नोटला, नेमके हेच हवे असते. एक प्रत गिऱ्हाइकाची, एक गोदामाची आणि एक सही-शिक्का होऊन हिशेब खात्यात परत येणारी. सही एकदाच करायची, ती तिन्ही प्रतींवर उमटते. लेझरवर तीन वेगळे कागद काढले तर तीन वेगळ्या सह्या घ्याव्या लागतात, आणि तिन्हींवरचा आकडा एकच आहे याची खात्री कोणी द्यायची? तंटा झाला की हा पदरी कागदच पुरावा ठरतो.

शिवाय यंत्र दणकट. धूळ, उकाडा, रिबीन सुकेपर्यंत वापर, सगळे सोसते. एप्सनचा ९ सुयांचा एमएक्स-८० हा १९८० सालचा, आणि २४ सुयांचा एलक्यू-१५०० आला १९८४ मध्ये. त्या घराण्याची भाषा, म्हणजे 'ईएससी/पी' नावाची संकेतावली, पुढे इतर कंपन्यांच्या यंत्रांनीही उचलली. 'एस्केप' हा २७ क्रमांकाचा संकेत आणि त्यामागे एखादे अक्षर पाठवले की प्रिंटर ठळक अक्षर काढतो किंवा मूळ स्थितीवर येतो. ज्यांनी फॉक्सप्रोमध्ये आज्ञावली लिहिल्या, त्यांना बारीक अक्षरांसाठीचा १५ क्रमांकाचा संकेत अजून तोंडपाठ असेल. महत्त्वाची गोष्ट ही की आज विकत घेतलेला एप्सनचा डॉट मॅट्रिक्ससुद्धा ती जुनी भाषा समजतो.

एका रविवारची गोष्ट

१४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ चा नेहमीचा आधार थांबवला. सुरक्षिततेची दुरुस्ती मिळणार नाही म्हटल्यावर अनेक कंपन्यांनी त्या सुमारास सर्व्हर बदलले. शारजातल्या बांधकाम साहित्याच्या एका कंपनीनेही बदलला. जुना सर्व्हर ३२ बिटचा, नवा २०१९ चा, आणि तो फक्त ६४ बिटमध्येच येतो. बाहेरून आलेल्या ठेकेदाराने शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत काम उरकले. रविवारी सकाळी, म्हणजे तेव्हाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ईमेल चालू, हिशेब चालू, साहेबांच्या खोलीतला लेझरही चालू. गोदामातले तीन डॉट मॅट्रिक्स मात्र बंद. एक पूर्ण गप्प, दुसरा पानभर विचित्र चिन्हे ओकत होता आणि तिसरा एक पान छापायला चहा होईल इतका वेळ घेत होता.

मला बोलावणे आले तेव्हा फाटकाशी सात गाड्या उभ्या होत्या. गोदाम सांभाळणारे गृहस्थ चिपळूणचे, तीस वर्षे इकडे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी जुने हाती लिहायचे चलनपुस्तक काढले होते आणि उभ्याउभ्या लिहीत होते. मला पाहून म्हणाले, "अरे बाबा, तुमचा सर्व्हर केवढा मोठा ते मला नको सांगू. ह्या पोरांना फेरीमागे भत्ता मिळतो. कागद नाही तर फेरी नाही, आणि फेरी नाही तर त्यांचे पैसे नाहीत."

ठेकेदाराचे मत पडले की प्रिंटर जुने आहेत, फेकून द्या, लेझर घ्या. प्रिंटरमध्ये खरे तर काहीच बिघडले नव्हते.

दुखणे कुठे असते?

पहिले दुखणे ड्रायव्हरचे. संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला हा दुभाषा. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या सर्व्हरवर चढत नाही. यंत्र बनवणाऱ्याने जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढला नसेल तर आपण अडकलो असे वाटते. पण प्रिंटरची भाषा सर्वसामान्य असल्याने दुसरा दुभाषा चालतो. २४ सुयांच्या यंत्राला एप्सन एलक्यूचा आणि ९ सुयांच्या यंत्राला एफएक्स किंवा एलएक्सचा ड्रायव्हर बहुधा लागू पडतो. चिन्हे ओकणारा प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा होता आणि आयबीएमच्या पद्धतीवर लावलेला होता. त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन त्याला एप्सनच्या पद्धतीवर आणले, की अक्षरे सरळ झाली.

दुसरे दुखणे जोडणीचे. जुना प्रिंटर जाड पॅरलल केबलचा, नव्या यंत्राला तसले तोंडच नाही. यूएसबी ते पॅरलल अशी केबल मिळते. पण तिच्यामुळे तयार होणारे पोर्ट वेगळ्या नावाचे असते, आणि जुनी आज्ञावली 'एलपीटी १' शिवाय दुसरे काही ओळखत नाही. गप्प प्रिंटरचे हेच झाले होते. त्यावर उपाय असा: प्रिंटर नेटवर्कवर सामायिक करायचा आणि 'नेट यूज' या आज्ञेने 'एलपीटी १' हे नाव त्याच्याशी बांधायचे. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे पॅरलल प्रिंटरला नेटवर्कला जोडणारी छोटी पेटी. मग तो कुठल्या संगणकाच्या भरवशावर राहत नाही.

तिसरे दुखणे संथपणाचे. आधुनिक ड्रायव्हर आणि रिमोट डेस्कटॉपवरून होणारी छपाई पानाचे चित्र करून पाठवतात. सुयांनी चित्र काढायचे म्हणजे ओळीवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या. त्याऐवजी प्रिंटरच्या पोटातलीच अक्षरे वापरायला सांगितले, म्हणजे विंडोजचा 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर निवडला किंवा यादीतून प्रिंटरचा स्वतःचा फाँट घेतला, की तेच पान झपझप निघते. चलनावर आधीच अरबी आणि इंग्रजी मजकूर छापलेला होता. प्रिंटरला फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. तिथे चित्राची गरजच काय?

चौथे दुखणे कागदाच्या मापाचे, आणि ते सगळ्यात छळते. प्रिंटर एका इंचात ६ ओळी छापतो. ११ इंची पानात ६६ ओळी, १२ इंची पानात ७२. कागद १२ इंची आणि सर्व्हरला ११ इंची वाटत असेल, तर प्रत्येक पान एक इंच वर सरकते. पहिले चलन बरोबर, पाचव्याला नाव रकमेच्या रकान्यात. सर्व्हरच्या प्रिंटर गुणधर्मांत 'फॉर्म्स' नावाची जागा असते. तिथे आपले माप एकदा नाव देऊन नोंदवायचे, मग तेच प्रत्येक प्रिंटरला लावायचे.

दुपारी तीनपर्यंत तिन्ही प्रिंटर सुरू झाले. शेवटी चाचांनी डोक्याजवळचा खटका तीन पदरी कागदाच्या खुणेवर सरकवला. तो कोणीतरी साफसफाईत हलवला होता, म्हणून तिसरी प्रत फिकी येत होती. हे मात्र मला सुचले नसते. हाती लिहिलेली चलने संगणकात चढवायला त्यांना आणि हिशेबनिसाला आणखी दोन संध्याकाळी बसावे लागले. नव्या लेझरचा विषय पुन्हा निघाला नाही.

गावाहून फोन येतो तेव्हा

आता हीच अडचण गावाकडेही येते. भावाने औषधाच्या दुकानात नवा संगणक घेतलेला असतो, टॅली उघडते, बिल निघत नाही. मग फोन आपल्याला: "तू तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहेस ना रे?" तेव्हा आधी विचारा, प्रिंटर स्वतः बरा आहे का? यंत्र बंद करून कागद पुढे सरकवण्याचे बटण दाबून धरायचे आणि सुरू करायचे. एप्सनच्या बहुतेक यंत्रांत चाचणीचे पान निघते. ते नीट आले तर दोष प्रिंटरबाहेर आहे. टॅली ईआरपी ९ मध्ये छपाईचा प्रकार 'डॉट मॅट्रिक्स' ठेवला आहे ना, हेही पाहायला सांगा.

मराठीत बिल हवे असेल तर थोडा धीर धरावा लागतो. साध्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात देवनागरी नसते, तिथे चित्रच पाठवावे लागते. डॉसच्या काळात ही उणीव भरून काढली ती आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या 'जिस्ट' तंत्राने.

आणि सर्व्हर बदलण्याआधी? प्रत्येक प्रिंटरचे मॉडेल, पोर्ट, ड्रायव्हर आणि कागदाचे माप लिहून ठेवा, पडद्याचे फोटो काढा. जुना सर्व्हर बंद करण्याआधी नव्यावरून एक खरे चलन खऱ्या तीन पदरी कागदावर काढा. ते साहेबांना दाखवू नका, जो रोज फाडून ड्रायव्हरच्या हातात देतो त्याला दाखवा. तिसरी प्रत वाचता येते असे तो म्हणाला, की मगच जुन्या सर्व्हरची वायर काढा.