परदेशातली जमीन, दिल्लीतला हिशेब

2008 साली जगभर धान्याचे भाव भडकले आणि पैसेवाले देश दुसऱ्यांच्या जमिनी शोधत निघाले. दिल्लीतही तोच विचार मूळ धरू लागला. 2010 मध्ये हरियाणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुडा यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी उत्पादनविषयक कार्यगटाने शिफारस केली की भारतीय कंपन्यांना परदेशात जमिनी घ्यायला उत्तेजन द्यावे. निदान 20 लाख टन डाळी आणि 50 लाख टन खाद्यतेलासाठी पंधरा-वीस वर्षांची अशी सोय पाहावी. डाळ आणि तेलाची आपली तूट खरी होती, त्यामुळे कल्पना वेडगळ म्हणता येत नाही. पण पंधरा वर्षांनी मागे वळून पाहताना माझे मत पक्के झाले आहे: दिल्लीने हेक्टर मोजले आणि खंड मोजला, माती, पाणी आणि त्या जमिनीवर जगणारी माणसे मात्र हिशेबात धरलीच नाहीत.

इथिओपियातले गाम्बेला हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीला तिथे पहिल्या टप्प्यात एक लाख हेक्टर जमीन पन्नास वर्षांसाठी मिळाली, हेक्टरी वर्षाला अवघ्या 20 बिर खंडाने. बारो नदीच्या पूरपट्ट्यातली ही जमीन काळी, भारी, चिकण. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ओळखीची वाटावी अशी. तिचा कस चांगला, पण वाफसा आल्याशिवाय तिच्यात औत घालता येत नाही. ओली असताना ट्रॅक्टरची चाके रुततात, वाळली की भेगा पडतात आणि ढेकळे फुटता फुटत नाहीत. मधले मोजके दिवस काय ते मशागतीचे आणि पेरणीचे. चार एकरांचा धनी रोज बांधावर जाऊन, मूठभर माती दाबून तो दिवस साधतो. हजारो हेक्टर एकाच वेळी वाफशावर आले, तर यंत्रे कितीही असली तरी अपुरीच पडतात. त्यात पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबरात कोसळणारा आणि जमिनीला निचरा कमी. 2011 मध्ये बारोचे पाणी बांधांना न जुमानता शेतात शिरले आणि सुमारे 12,000 हेक्टरवरचा मका गेला. डिसेंबर 2015 मध्ये इथिओपिया सरकारने करार रद्द केला, तेव्हा त्यांच्या म्हणण्यानुसार एक लाखापैकी जेमतेम 1,200 हेक्टर जमीन विकसित झाली होती.

हा एका कंपनीच्या कारभाराचा दोष, धोरणाचा नव्हे, असे म्हणता येईल. पण जागतिक बँकेच्या 2010 च्या अहवालातच नोंद आहे की जाहीर झालेल्या अशा व्यवहारांपैकी फक्त 21 टक्के ठिकाणी प्रत्यक्ष शेती सुरू झाली होती. त्याच्याही साठेक वर्षे आधी ब्रिटिश सरकारने टांगानिकात भुईमुगाची प्रचंड योजना आखली. युद्धोत्तर ब्रिटनची तेलाची टंचाई तीतून भागणार होती. तिथल्या काँग्वाची चिकणमाती उन्हात इतकी कडक झाली की शेंगा उपटणेही अवघड झाले, आणि 1951 मध्ये योजना गुंडाळावी लागली. कंपनी, सरकार, काळ सगळे वेगळे. फसण्याचे कारण मात्र तेच.

दुसरा युक्तिवाद अधिक ऐकू येतो: जमीन पडीकच तर होती. गाम्बेलात अनुआक लोक नदीकाठी फिरती शेती करतात, नुएर गुरे चारतात. विश्रांतीला ठेवलेले रान नकाशावर पडीक दिसते. या भागातल्या लोकांना सरकारने नव्या वस्त्यांत कसे हलवले, हे ह्यूमन राइट्स वॉचने 2012 मध्ये तपशिलाने मांडले. याच काळात दिल्लीच्या वेशीवर, ग्रेटर नोएडाजवळच्या भट्टा-पारसौलला, भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. मे 2011 मध्ये तिथे गोळीबार झाला, माणसे मेली. त्यातून देशाने धडा घेतला. 2013 च्या कायद्याने खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अनुआक कार्यकर्ते दिल्लीत एका परिषदेसाठी आले. तिच्या आयोजकांत पुण्याची कल्पवृक्ष ही संस्थाही होती. जो हक्क भट्टा-पारसौलच्या शेतकऱ्याला आपण कायद्याने दिला, तो बारोकाठच्या शेतकऱ्याला नाकारून केलेली गुंतवणूक मला तरी न्याय्य ठरवता येत नाही.

समजा हे सगळे नीट झाले असते, तरी टंचाईच्या वर्षी माल आपल्याकडे आला असता का? मे 2022 मध्ये उष्णतेच्या लाटेने गहू घटला, तेव्हा आपणच निर्यात बंद केली. त्याच सुमारास इंडोनेशियाने पामतेल रोखले होते. घरात भाव चढल्यावर कोणते सरकार परक्या कंपनीची जहाजे भरू देईल?

जमीन न घेता माल घेण्याचा मार्ग जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी झालेल्या तुरीच्या कराराने धरला: पहिल्या वर्षी एक लाख टन, पुढे दोन लाखांपर्यंत. शेत तिथल्या शेतकऱ्याचेच राहते, म्हणून मला हा मार्ग बरा वाटतो. पण त्याच हंगामात चढ्या भावाच्या आशेने आपल्याकडेही भरमसाट तूर पेरली गेली. 2017 च्या सुरुवातीला मराठवाडा-विदर्भातल्या खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि बाहेर व्यापारी 5,050 च्या हमीभावाखाली तूर मागत होते. ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा आली. सरकारी कराराचा माल तिच्यातून वगळला होता, तरी मोझांबिकमध्ये भाव कोसळले. भारताकडे पाहून पेरणी वाढवलेला तिथला शेतकरी आणि लातूरचा शेतकरी एकाच वर्षी बुडाले.

2024-25 मध्ये डाळींची आयात 70 लाख टनांच्या वर गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालेल्या डाळ अभियानात तूर, उडीद आणि मसूर नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षे पूर्ण खरेदी करण्याचे आश्वासन आहे. पण शुल्कमुक्त आयात चालू राहणार की नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीआधी कळायला हवे.