राणीछाप रुपया आणि रिकामी मूठ

माझ्या कोटाच्या उजव्या खिशात गेली काही वर्षे एक चांदीचा रुपया असतो. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा, आपल्या घरांत ज्याला 'राणीछाप' म्हणतात तो. इतका झिजलेला की राणीच्या नाकाचा पत्ता नाही. हे नाणे दवाखान्यात कसे आले, याची ही हकिगत.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने ओस पडले होते. शाळा बंद, खेळ बंद, त्यामुळे सर्दीतापाची देवाणघेवाणही बंद. दिवसाला चार-पाच रुग्ण आणि बाकी वेळ फोन. त्या रिकामपणात कपाटातून एक जुने पुस्तक हाती आले. 'मॉडर्न कॉइन मॅजिक', लेखक जे. बी. बोबो, मूळ प्रकाशन १९५२. हा अमेरिकन जादूगार शाळाशाळांतून प्रयोग करीत असे. निवासी डॉक्टर असताना पदपथावरून हे पुस्तक विकत घेतले होते आणि एम.डी.च्या अभ्यासाच्या भीतीने न वाचताच ठेवून दिले होते. आमच्या पिढीला जादू म्हटली की जादूगार रघुवीर आणि पी. सी. सरकार आठवतात; पेटारे, पडदे, झगमगाट. या पुस्तकात मात्र दोन हात आणि एक नाणे, एवढेच साहित्य.

पहिली अडचण नाण्याचीच आली. बोबोची सारी गणिते अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बेतलेली, म्हणजे सुमारे ३०.६ मिलिमीटर व्यासाचे नाणे. आपला २०११ मध्ये आलेला रुपया २२ मिलिमीटरचा. तळव्यात तो शर्टाच्या बटणासारखा वाटतो. दहाचे नाणे २७ मिलिमीटरचे, ते जेमतेम चालते. शोधता शोधता लक्षात आले की देवघरातल्या राणीछाप रुपयाचा आकार जवळजवळ अर्ध्या डॉलरइतकाच आहे. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि काठावर पकडीला उपयोगी पडणारे दाते. लक्ष्मीपूजनाच्या डबीतला एक रुपया मी आईला न विचारता उचलला.

'पामिंग', म्हणजे तळव्यात नाणे लपविणे, ही या विद्येची बाराखडी. तळव्याच्या मध्यावर नाणे ठेवायचे आणि अंगठ्याखालचा व करंगळीखालचा असे जे दोन मांसल उंचवटे आहेत, त्यांच्यामध्ये ते काठाने धरायचे. बोटे मोकळी. आम्ही डॉक्टर मंडळी यांनाच थेनार आणि हायपोथेनार म्हणतो. पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात पाठ केलेले असते की थेनारचे बहुतेक स्नायू मिडियन नर्व्हचे, हायपोथेनारचे अल्नरचे, आणि अंगठ्याला तळव्याकडे ओढणारा अॅडक्टर पॉलिसिस पुन्हा अल्नरचाच. एका रुपयासाठी दोन मज्जातंतूंनी इतके सहकार्य करावे लागते, हे तेव्हा परीक्षकांनी सांगितले असते तर हा धडा अधिक गोडीने वाचला असता.

नवशिका फार जोर लावतो. मग अंगठा खुंटीसारखा ताठ बाहेर येतो आणि हातात काहीतरी आहे हे शेजारच्या घरालाही कळते. उपाय एकच : नाणे तळव्यात ठेवून रोजची कामे करायची. वर्तमानपत्र उलटा, चहाचा कप उचला, फोनवर बोला. पहिल्या आठवड्यात ते फरशीवर सतत पडे. पत्नी स्वयंपाकघरातून आवाज मोजत असे, आणि आई एकदा म्हणाली, "लक्ष्मी आहे ती. अशी आपटू नकोस." रुपया डबीत परत गेला. टाळेबंदी उठल्यावर मी सराफ्यात जाऊन माझा स्वतःचा, झिजलेला म्हणून स्वस्तात मिळालेला, राणीछाप घेतला. (इंदूरच्या वाचकांना हे सांगायला नकोच की रात्री त्याच गल्लीत भुट्ट्याचा कीस खाल्ल्यावाचून परत आलो नाही.)

दुसरा धडा 'फ्रेंच ड्रॉप'चा. फ्रेंच भाषेत याचे नाव 'टूर्निके'. रक्तस्राव थांबविण्यासाठी आपण जो पट्टा आवळतो त्याचे आणि याचे नाव एकच. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज बॅरिस्टरने १८७६ मध्येच ही युक्ती 'मॉडर्न मॅजिक' या ग्रंथात छापली, तेव्हा ती येथे सांगितल्याबद्दल जादूगार मंडळी रागावणार नाहीत. डाव्या हाताच्या अंगठा व बोटांच्या टोकांत नाणे आडवे धरायचे. उजवा हात ते घेण्यासाठी येतो, त्याचा अंगठा नाण्याखालून जातो, बोटे वरून मिटतात. त्या आडोशात नाणे डाव्या बोटांवर पडते आणि उजवा हात रिकामी मूठ घेऊन निघून जातो.

वाचायला सोपे आहे. मी तीन आठवडे आरशासमोर उभा होतो आणि तीन आठवडे आरशातला माणूस लबाड दिसत होता. शेवटी कारण सापडले. खोटे घेणे मी शेकडो वेळा केले होते, पण खरोखर नाणे घेताना माझे हात काय करतात हे एकदाही पाहिले नव्हते. मग दहा वेळा खरे घ्यायचे, अकराव्या वेळी खोटे, असा क्रम लावला. तेव्हा दिसले की खरे घेताना नजर नाण्याबरोबर जाते आणि रिकामा झालेला हात आपोआप सैलावतो, त्याच्यातला जीवच जातो. माझा डावा हात मात्र गुन्हेगारासारखा आखडून बसे. हातचलाखीत वेगाला फारसे महत्त्व नाही, हे तेव्हा समजले. गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये एका प्रयोगात दाखविले की जादूगाराने चेंडू वर फेकल्याचे नुसते सोंग केले, पण नजर वर नेली, तर बहुतेक प्रेक्षकांना न फेकलेला चेंडू वर जाताना 'दिसतो'. दवाखान्यात तेव्हा मास्कमुळे चेहरा झाकलेला, डोळे तेवढे उघडे. ते माझ्या पथ्यावरच पडले.

मुलांसमोर हे करू लागलो तसा विकासाचा तक्ता नव्याने वाचायला मिळाला. सहा महिन्यांच्या बाळाला नाणे नाहीसे झाल्याचे काहीच वाटत नाही. झाकलेली वस्तू शोधणे साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, हे पियाजेचे निरीक्षण आपण सर्वांनी वाचलेले आहे. दोन-तीन वर्षांचे मूल चकित होण्याच्या भानगडीत न पडता सरळ दुसरा हात उघडू पाहते. सर्वांत अवघड प्रेक्षक तेच. पाच ते आठ हे खरे वय. दहाव्या वर्षी मुलगा मनगट धरतो आणि वडील म्हणतात, "डॉक्टरसाहेब, फी पण अशीच हवेतून काढत जा."

कानातून नाणे काढण्याचा लोकप्रिय प्रयोग मी दोन महिन्यांत बंद केला. एका चार वर्षांच्या मुलाने घरी जाऊन कानात हरभऱ्याचा दाणा घातला. आत रुपया तयार होतो का, हे त्याला पाहायचे होते. लहान मुलांच्या अन्ननलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत नाण्यांचा क्रमांक पहिला, हे ठाऊक असलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी! तेव्हापासून नाणे तोंड, नाक, कान यांच्या जवळ नेत नाही आणि लहान मुलांच्या हाती देत नाही. (नाणे समजून गिळलेली बटणासारखी बॅटरी तर दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकते. नाणे असो वा बॅटरी, घरी वाट पाहू नये.)

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागली. २०२१ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी बूस्टर डोससाठी आली होती. सुईला घाबरणारी. मी रुपया नाहीसा केला आणि म्हणालो, "आता तो तुझ्या मुठीत आला आहे. घट्ट धर, सोडू नकोस." तिने डोळे मोठे करून मूठ आवळली, आणि त्या क्षणी मी दुसऱ्या दंडात सुई टोचली. माझ्या मते प्रयोग अप्रतिम झाला. ती रडलीसुद्धा नाही. तिने सावकाश मूठ उघडली, रिकामा तळवा पाहिला, मग दंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "रुपया नव्हताच."

पुढच्या वेळी ताप घेऊन आली तेव्हा ती आईच्या मागून बाहेर येईना. स्टेथोस्कोप दाखविला तर म्हणाली, "दुसऱ्या हातात काय आहे?"

मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधणे यात गैर काही नाही. लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी भूमिका जाहीर केली, तीत लहान मुलांसाठी तेही सुचविले आहे. पण मुलाचा विश्वास उडेल असे बोलू नये, हेही त्यातच आहे. मी अर्धेच वाचले होते. शिवाय जादूच्या नियमानेही मी चुकलो होतो : नाहीसे केलेले नाणे परत आणायचे असते. आता मी सुई आधी दाखवतो, दुखेल हे सांगतो, टोचतो. रुपया त्यानंतर.

यंदा ती मुलगी दहा वर्षांची झाली आणि टीडीच्या लसीसाठी आली. खुर्चीवर स्वतःच बसली. मी सिरिंज भरू लागलो तशी म्हणाली, "डॉक्टरकाका, थांबा. आधी दोन्ही हात उघडून दाखवा."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, बोटांच्या फटीसुद्धा. मग बाही वर केली. सुई झाल्यावर तिने हात पुढे केला आणि माझ्या उजव्या खिशाकडे बोट दाखवले.

"आता तो रुपया द्या. मला शिकायचंय."

तिचा तळवा अजून लहान आहे. राणीछाप त्यात बसत नाही, अंगठा ताठ राहतो. पहिल्या दिवशी दहाचे नाणे घेऊन सुरुवात केली आहे, आणि बाहेर प्रतीक्षागृहात तिची आई ते फरशीवर पडल्याचे आवाज मोजत असते.