लिमोन : केळीच्या घडावर वसलेले बंदर

कॅरिबियन समुद्रात फिरणाऱ्या क्रूझच्या वेळापत्रकात कोस्टा रिका देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील पोर्तो लिमोन या बंदराच्या वाट्याला साधारणतः एकच दिवस येतो. सकाळी जहाज धक्क्याला लागते आणि सायंकाळी पुढच्या बंदराकडे निघते. बहुसंख्य प्रवासी धक्क्यावरील बसमध्ये बसून वर्षावन, कालवे किंवा केळीचे मळे पाहण्यास जातात. गाव मात्र काही मिनिटांच्या चालीवर असूनही न पाहिलेलेच राहते. व्यापारी घराण्यातील प्रवाशाने तरी ते चुकवू नये. कर्ज, वाहतूक, एकच पीक आणि एकच खरीददार यांच्या आधारे गाव कसे उभे राहते आणि तो आधार सुटला की त्याचे काय होते, याचा जमाखर्चच जणू येथे मांडलेला आहे.

रेल्वे कॉफीसाठी, उत्पन्न केळीचे

लिमोनचे भाग्य उघडले ते कॉफीमुळे. एकोणिसाव्या शतकात कोस्टा रिकाची कॉफी देशाच्या मध्यभागी असलेल्या उंच पठारावर पिकत असे आणि तिचे मोठे ग्राहक युरोपात होते. परंतु माल पश्चिमेकडील पुंतारेनास बंदरातून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पाठवावा लागे. भाडे आणि वेळ वाचवण्यासाठी राजधानी सान होसेपासून कॅरिबियन किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्याचे सरकारने ठरवले. लंडनच्या बाजारातून कर्ज उभारून १८७१ मध्ये या कामाला आरंभ झाला.

वाट दलदलीची, पाऊस अखंड, त्यात मलेरिया आणि पीतज्वर. जमैका, चीन, इटली येथून मजूर आणले गेले आणि त्यांतील असंख्य जण या मार्गावरच मृत्यू पावले. कर्जाचे पैसे संपले, रेल्वे अपुरीच राहिली. तेव्हा मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदाराने १८८४ मध्ये सरकारशी करार केला. देशाच्या परकीय कर्जाची पुनर्रचना करून रेल्वे पूर्ण करण्याची जबाबदारी त्याने घेतली. मोबदल्यात त्याला ९९ वर्षांसाठी रेल्वेचा ताबा आणि ८ लाख एकर जमीन मिळाली. हे क्षेत्र देशाच्या एकूण भूभागाच्या सहा टक्क्यांहून अधिक होते.

रेल्वे तयार होत असतानाच तिला पुरेसे भाडे मिळणार नाही, हे कीथच्या ध्यानात आले होते. म्हणून त्याने रुळांच्या कडेने केळी लावली आणि घड अमेरिकेच्या बाजारात पाठवण्यास सुरुवात केली. १८९० मध्ये मार्ग पूर्ण झाला, तोवर जोडधंदाच मूळ धंदा होऊन बसला होता. १८९९ मध्ये कीथचा व्यवसाय बोस्टनच्या एका फळकंपनीशी जोडला गेला आणि युनायटेड फ्रूट कंपनी जन्माला आली.

खरीददार गेला, देणी उरली

जमीन, रेल्वे, धक्का, जहाजे आणि दुकाने अशी सारी साखळी कंपनीच्या हाती होती. मजुरीचा काही भाग कुपनांच्या रूपात मिळे आणि ती कुपने कंपनीच्याच दुकानात चालत. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेण्याची ही रीत मोडावी, ही १९३४ च्या मोठ्या संपातील एक मागणी होती. संपाच्या नेत्यांपैकी कार्लोस लुईस फायास यांनी पुढे १९४१ मध्ये ‘मामिता युनाय’ या कादंबरीत मळ्यांवरील जीवन रंगवले.

संपाआधीच दुसरे संकट उभे राहिले होते. निर्यातीसाठी ‘ग्रोस मिशेल’ ही केळीची एकच जात लावलेली होती आणि तिला पनामा रोगाने ग्रासले. या रोगाची बुरशी जमिनीत दशकानुदशके टिकते. (पुढे जगाने ‘कॅव्हेंडिश’ गटातील केळी स्वीकारली. जळगावच्या शेतकऱ्याची ग्रँड नैन ही त्याच गटातली.) कंपनीने लिमोनच्या मळ्यांकडे पाठ फिरवली आणि ती पॅसिफिक किनाऱ्याकडे निघाली. त्यासाठी डिसेंबर १९३४ मध्ये झालेल्या करारात एक विलक्षण कलम होते : पॅसिफिकच्या मळ्यांवर कृष्णवर्णीयांना कामावर घ्यायचे नाही. ज्यांच्या दोन पिढ्या या धंद्यात झिजल्या, ती जमैकन वंशाची कुटुंबे ना नोकरी, ना नागरिकत्व अशा अवस्थेत मागे राहिली. १९४८ च्या यादवी युद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, त्यांना या देशाचे नागरिक म्हणून मान्यता मिळाली. मधल्या काळात अनेकांनी टाकलेल्या जमिनींवर कोकोची लागवड करून संसार सावरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोकोवरही बुरशी पडली आणि पुन्हा तोच धडा गिरवावा लागला.

पायी पाहण्याजोगे

धक्क्यावरून बाहेर पडताच पार्के वार्गास ही समुद्रालगतची बाग लागते. उंच ताडवृक्षांच्या रांगा, दाट सावली आणि धीर धरून वर पाहिल्यास फांदीला लटकलेला स्लॉथ हा मंदगती प्राणी दिसण्याची शक्यता. बागेपलीकडील समुद्रभिंतीवरून उविता हे चिमुकले बेट दिसते. सप्टेंबर १५०२ मध्ये, चौथ्या सफरीत, कोलंबस याच परिसरात थांबला होता. त्याचे स्पॅनिश आडनाव ‘कोलोन’ आणि देशाच्या चलनाचे नावही तेच.

किनाऱ्यालगत पाण्याबाहेर आलेले प्रवाळखडकही पाहावेत. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपात येथील किनारा काही ठिकाणी सुमारे दीड मीटर वर उचलला गेला आणि समुद्रातील प्रवाळ उघडे पडून मेले.

गावाच्या आठवणीत ‘ब्लॅक स्टार लाइन’ या लाकडी इमारतीला मानाचे स्थान आहे. मार्कस गार्वी हा जमैकन तरुण १९१० च्या सुमारास लिमोनच्या मळ्यांवर हजेरी लिहिण्याचे काम करीत असे. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या मालकीची जहाज कंपनी काढली आणि तिचे ५ डॉलरचे समभाग सामान्य मजुरांनी घेतले. जुनी जहाजे चढ्या भावाने घेतल्यामुळे आणि कारभार ढिसाळ राहिल्यामुळे १९२२ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या लिमोनच्या सभागृहाने मात्र तिचे नाव जपले. एप्रिल २०१६ मध्ये ही वास्तू आगीत भस्मसात झाली. पैसा बुडाला, इमारत गेली, तरी स्वतःचे जहाज असावे ही मजुरांची आकांक्षा गाव विसरलेले नाही.

शाकाहारी प्रवाशासाठी

थोडे आत गेल्यावर नगरपालिकेची मंडई लागते. शहाळी, अननस, पपई, केळी विपुल मिळतात. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात हे लिमोनचे खास अन्न. ते बहुधा कोंबडीबरोबर वाढले जाते, म्हणून आधीच स्पष्ट विचारावे. ‘पाती’ नावाच्या करंजीत मांसाचे सारण असते. तिच्याशेजारी दिसणारी लालसर ‘प्लांतिंता’ गोड पिकल्या राजेळी केळीची असते, तरीही पारीतील स्निग्ध पदार्थाची चौकशी करणे बरे. ज्यांचे नियम कडक आहेत, त्यांनी फळे, शहाळे आणि सोबतचा कोरडा खाऊ यांवर दिवस काढणे उत्तम.

पाऊस येथे कोणत्याही महिन्यात येतो. छत्री जवळ असावी, मौल्यवान वस्तू जहाजावर ठेवाव्यात आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर असावे.

पैसा कोणाच्या हाती

आज केळी आणि अननसाचे कंटेनर शेजारच्या मोईन बंदरातून जातात. २०१९ मध्ये तेथे मोठे नवे टर्मिनल सुरू झाले. लिमोनच्या धक्क्यावर साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामात क्रूझ येतात. मार्च २०२० मध्ये जगभरातील क्रूझ थांबल्या, तेव्हा त्यांच्यावर विसंबलेल्या वाटाड्यांना, टॅक्सीवाल्यांना आणि विक्रेत्यांना जुन्या अनुभवाची नवी आवृत्ती पाहावी लागली. जहाज वाट बदलू शकते, गाव जागचे हलू शकत नाही.

म्हणूनच येथे येणाऱ्याने खर्च कोठे होतो, याकडे लक्ष द्यावे. जहाजावर आगाऊ घेतलेल्या सहलीच्या पैशातून जहाज कंपनीचा वाटा आधी निघतो. मंडईतले शहाळे आणि स्थानिक वाटाड्याची मजुरी मात्र थेट गावातल्या घरात जाते.

लिमोनच्या दक्षिणेस असलेल्या काउइता गावचे कॅलिप्सो गायक वॉल्टर फर्ग्युसन हे २०२३ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, निवर्तले. ते घरच्या टेपरेकॉर्डरवर आपली गाणी गाऊन कॅसेट भरत आणि येणाऱ्या प्रवाशांना विकत. प्रत्येक कॅसेट नव्याने गायलेली, म्हणून प्रत्येक वेगळी. स्वतःजवळ त्यांनी प्रती ठेवल्या नाहीत. पुढे रसिकांनी देशोदेशीच्या जुन्या ग्राहकांना शोधून त्या कॅसेट मिळवण्याचा उद्योग आरंभला आणि विस्मृतीत गेलेली काही गाणी पुन्हा ऐकता आली. त्या प्रवाशांनी दिलेली किंमत थोडकी असेल, पण ती थेट गायकाच्या हातात पडली होती, आणि घेतलेला माल त्यांनी जपून ठेवला होता.