निर्दोष ठरला, पण गेलेल्या वर्षांचे काय?

चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीकडे वळते, हे आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. या शिक्क्याची किंमत एका खटल्याने दाखवून दिली आहे.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर दरोडा पडून ५ जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील ६ गरीब मजूर त्यात आरोपी झाले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता! पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले. साक्षीदार महिलेने पोलिसांकडील फोटोंतून दुसरीच ४ माणसे ओळखली होती आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, असे दिसून आले. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

आता हिशेब करा. १६ वर्षांचे ५ लाख म्हणजे दिवसाला सुमारे ८५ रुपये! रोजगार हमीची तेव्हाची मजुरीही याच्या दुपटीहून अधिक होती. आणि एवढे तरी प्रत्येकाला कुठे मिळते? विनाकारण अटक करविल्याबद्दल कायद्यात जास्तीत जास्त १,००० रुपयांची तरतूद आहे. विधी आयोगाने २०१८ साली २७७ व्या अहवालात भरपाईसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद आणि विशेष न्यायालये सुचविली. ती तरतूद अजून झालेली नाही.

तरीही दार बंद नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या ३२ व्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटले, त्याच कलमाने १९८३ साली बिहारच्या रुदुल साह यांना भरपाई मिळवून दिली. निर्दोष सुटूनही ते १४ वर्षे तुरुंगात होते. २२६ व्या कलमाखाली आपल्याला औरंगाबाद खंडपीठातही दाद मागता येते.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरातले माणूस अटकेत गेले तर अटकेचा दिवस, वेळ लिहून ठेवा. प्रत्येक कागदाची नक्कल सांभाळा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मागा. आणि भरपाईच्या कायद्याची मागणी आपल्या प्रत्येक सभेच्या ठरावात घाला. भरपाई ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

जय भीम!