शत्रूचा शत्रू : नाशिक जिल्ह्यातील जैविक पीकसंरक्षण

द्राक्षवेलीच्या खोडावर पांढऱ्या लोकरीसारखे तंतू अंगावर वागविणारा एखादा जीव सावकाश सरकताना दिसला, की बागाईतदाराचा हात सवयीने फवारणी पंपाकडे वळतो. पिठ्या ढेकूण बागेत शिरला, अशी त्याची समजूत होते. पुष्कळदा ती खरीही असते. परंतु कित्येकदा तो जीव पिठ्या ढेकणाचे पिल्लू नसून, पिठ्या ढेकणाचाच फडशा पाडणाऱ्या क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असते. दोघांचे बाह्यरूप इतके सारखे, की मित्र समजून घेण्यापूर्वीच तो मारला जातो आणि शत्रू मात्र सालीखाली सुरक्षित राहतो.

निफाड, दिंडोरी, चांदवड, बागलाण या तालुक्यांतील द्राक्षे, लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणारा टोमॅटो, येवला-मालेगावकडील मका व कापूस अशा विविध पिकांनी नाशिक जिल्हा समृद्ध झाला आहे. जेथे पिके दाट तेथे किडीही दाट, हा निसर्गाचा नियम आहे. या किडींशी केवळ विषारी औषधांच्या बळावर लढता येत नाही, हे आता अनुभवाने सिद्ध झाले आहे. म्हणूनच किडींच्या नैसर्गिक शत्रूंचा आणि पिकाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीचा उपयोग करून घेणाऱ्या पद्धतींकडे शास्त्रज्ञांचे व जाणत्या शेतकऱ्यांचे लक्ष वेधले गेले आहे.

रासायनिक उपायांची मर्यादा

एकच कीटकनाशक पुनःपुन्हा फवारले असता किडीतील दुबळे जीव मरतात. मात्र ज्या थोड्या जीवांत ते विष पचविण्याची शक्ती असते, ते जगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. काही हंगामांनंतर तेच औषध निष्प्रभ ठरते. शिवाय फवाऱ्याबरोबर किडीला खाणारे मित्रकीटकही नष्ट होतात. मग शत्रूरहित झालेली कीड पूर्वीपेक्षा अधिक जोमाने उसळते आणि कालपर्यंत किरकोळ वाटणारी दुसरी एखादी कीडही डोके वर काढते.

नाशिकच्या द्राक्ष बागाईतदारांच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. भारतातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत या जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. २००३ साली युरोपात काही खेपांमध्ये कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर निर्यातक्षम बागांची नोंदणी व मालाची प्रयोगशाळेत तपासणी यांची व्यवस्था उभी राहिली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात माल नाकारला गेला आणि अनेक बागाईतदारांच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी फिरले. ते द्रव्य कीटकनाशक नव्हते. परंतु फळात उरणारा सूक्ष्म अंशही संपूर्ण हंगाम बुडवू शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

पिठ्या ढेकूण आणि भुंगेरा

पिठ्या ढेकूण वेलीच्या सैल सालीखाली दडून राहतो आणि घड भरू लागले की त्यांत शिरतो. त्याच्या अंगावरील मेणचट आवरणामुळे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याने सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि घड विक्रीयोग्य राहत नाही. नेमक्या याच वेळी, म्हणजे काढणी जवळ आली असता, अंश राहण्याच्या भीतीने रासायनिक फवारणीही करता येत नाही.

अशा वेळी क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी हा ढालकिडा उपयोगी पडतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. १८९१ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात नेण्यात आला आणि १८९८ साली कॉफीवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला. ज्या कामासाठी त्याला आणले ते त्याच्या हातून फारसे झाले नाही. मात्र पुढे पिठ्या ढेकणाचा भक्षक म्हणून त्याने दक्षिण भारतात चांगलेच नाव मिळविले. त्याची अळी व प्रौढ भुंगेरा दोन्ही पिठ्या ढेकणाची अंडी व पिल्ले खातात. वेलीमागे साधारणतः दहा भुंगेरे सोडण्याची शिफारस केली जाते.

मात्र भुंगेरे सोडले म्हणजे काम संपले, असे नव्हे. पिठ्या ढेकणाच्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याच्याभोवती पहारा करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो. छाटणीनंतर सैल साल काढून ती जाळून टाकल्यास दडलेली कीड उघडी पडते. भुंगेरे सोडण्यापूर्वी व नंतर त्यांना घातक ठरणारी औषधे टाळावी लागतात. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत भुंगेरा मंदावतो, हेही ध्यानात ठेवून हवा उबदार असतानाच तो सोडणे हितावह ठरते.

अंड्यातच शत्रूचा नाश

ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशीच्या जातीची माशी होय. ती पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांत आपले अंडे घालते. त्यामुळे त्या अंड्यातून पिकाचा नाश करणारी अळी बाहेर पडण्याऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. कीड पीक खाण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच नष्ट होते, हे या उपायाचे वैशिष्ट्य होय.

प्रयोगशाळेत धान्यावरील पतंगाच्या अंड्यांवर या माशीची वाढ करून ती अंडी जाड कागदावर चिकटविली जातात. यालाच ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी ५० हजार ते १ लाख या प्रमाणात, पीक फुलावर येण्याच्या सुमारास, आठवड्याच्या अंतराने ही कार्डे पानांच्या खालच्या बाजूस लावतात. कार्डातून माशी बाहेर पडण्याच्या बेतात असतानाच ते शेतात पोहोचले पाहिजे; उन्हात किंवा दुकानात पडून राहिलेले कार्ड निरुपयोगी होय.

बुरशी, विषाणू आणि जिवाणू

किडींनाही रोग होतात. टोमॅटोवरील व हरभऱ्यावरील घाटेअळीला एका विशिष्ट विषाणूची बाधा झाली, की ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि डोके खाली करून लोंबकळत मरते. अशा अळ्यांपासून एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक तयार करतात. ते माणसाला, जनावरांना वा मित्रकीटकांना अपाय करीत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते लवकर निकामी होत असल्याने सायंकाळी फवारतात आणि द्रावणात थोडी नीळ मिसळतात.

व्हर्टिसिलियम, मेटारायझियम व बिव्हेरिया या बुरशी किडीच्या अंगात शिरून तिचा नाश करतात. त्यांना हवेत ओलावा लागतो. म्हणून पावसाळ्यात व त्यानंतरच्या दमट दिवसांत त्यांचा उपयोग अधिक होतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी जमिनीतून येणाऱ्या मर व मूळकूज यांसारख्या रोगांना अटकाव करते. बुरशीयुक्त औषधाबरोबर बुरशीनाशक मिसळणे म्हणजे स्वतःच्याच सैन्यावर शस्त्र चालविणे होय.

२०१८ साली भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीने राज्यातील मका उत्पादकांची झोप उडविली. त्या वेळीही दमट हवेत एका स्थानिक बुरशीने मोठ्या संख्येने अळ्या मारल्याचे दिसून आले. परदेशातून आलेल्या शत्रूला येथील मातीतच शत्रू भेटला.

सांगलीचा अनुभव

जैविक उपायांचे सामर्थ्य महाराष्ट्राने २००२ नंतर उसाच्या पिकात पाहिले. त्या वर्षी सांगली जिल्ह्यात आढळलेला पांढरा लोकरी मावा पाहता पाहता राज्यातील ऊसपट्ट्यांत पसरला. दाट उसात फवारणी करणे अतिशय कठीण होते. तथापि, डायफा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक लोकरी माव्यावर तुटून पडतात, असे आढळून आले. ज्या फडात हे मित्रकीटक विपुल होते तेथील पाने नव्याने बाधित झालेल्या फडात नेऊन ठेवण्याचा साधा मार्ग शेतकऱ्यांनी अवलंबिला आणि काही वर्षांत ही कीड आटोक्यात आली. यासाठी यंत्रसामग्री लागली नाही. लागली ती मित्र ओळखण्याची नजर.

बियाण्यातील ढाल

किडीला किंवा रोगाला मारण्याऐवजी, त्यांना दाद न देणारे पीकच उभे करणे ही दुसरी वाट होय. या कामात नाशिक जिल्ह्याचा वाटा जुना आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड येथील गहू संशोधन केंद्राने त्र्यंबक, गोदावरी, तपोवन, पंचवटी अशी जिल्ह्याच्या भूमीचीच नावे ल्यालेले वाण दिले. हे वाण निवडताना तांबेरा रोगाचा प्रतिकार ही एक प्रमुख कसोटी असते. तांबेऱ्याची बीजे मैदानातील कडक उन्हाळ्यात टिकत नाहीत आणि ती डोंगराळ प्रदेशातून दरवर्षी नव्याने येतात, हे डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले होते. खोडावरील काळा तांबेरा निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे वाटेवरील प्रदेशात प्रतिकारक्षम गहू उभा असला, तर पुढच्या प्रदेशाचेही रक्षण होते.

द्राक्षाचे उदाहरणही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अखेर त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन जातींच्या मुळांवर युरोपीय द्राक्षाचे कलम बांधून तो उद्योग सावरला गेला. नाशिकमध्ये डॉगरिज या खुंटावर थॉमसनसारख्या जातींचे कलम करतात ते मुख्यत्वे पाण्याचा ताण व खारटपणा सोसण्यासाठी. परंतु मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही हा खुंट बऱ्यापैकी तोंड देतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन व युरोपीय जातींच्या संकरातून काढलेला एआरआय-५१६ हा वाण बुरशीजन्य रोगांना चांगला प्रतिकार करतो आणि रस, बेदाणा व मद्य यांसाठी उपयोगी पडतो.

बीटी कापूस : यश आणि धडा

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अर्थात बीटी, या जमिनीतील जिवाणूत एक प्रथिन असते. ते अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी खाणे सोडून मरते. माणसाच्या पोटात अशी स्थिती नसल्याने त्याला त्याची बाधा होत नाही. या प्रथिनाचे जनुक कापसात घालून तयार केलेल्या बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेले वाण आले. हिरव्या बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या त्यामुळे घटल्या.

परंतु निसर्ग स्वस्थ बसला नाही. केवळ कापसावर जगणाऱ्या शेंदरी बोंडअळीने हळूहळू या प्रथिनाला दाद देणे सोडले. २०१७ साली महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा जबर फटका बसला. बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. त्या ओळींवर वाढलेले, विषाची सवय नसलेले पतंग सवय झालेल्या पतंगांशी मीलन करतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. पुष्कळ ठिकाणी या ओळी लावल्याच गेल्या नाहीत. जास्त मुदतीचे वाण उन्हाळ्यापर्यंत शेतात ठेवले गेले, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडून राहिले आणि किडीला वर्षभर आसरा मिळाला.

याच किडीच्या बाबतीत अमेरिकेने निराळा मार्ग चोखाळला. तेथे बीटी कापसाबरोबरच किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग लक्षावधींच्या संख्येने शेतांवर सोडण्यात आले. वंध्य पतंगाशी मीलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. ई. एफ. निपलिंग या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून निघालेली ही पद्धत १९५४ साली क्युरासाओ बेटावर जनावरांच्या जखमेत वाढणाऱ्या माशीविरुद्ध प्रथम यशस्वी झाली होती. २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूस क्षेत्रातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तंत्र एकच, पण एका ठिकाणी ते शिस्तीने व इतर उपायांच्या जोडीने वापरले गेले, दुसरीकडे त्या एकट्यावरच भिस्त ठेवली गेली.

एकमेकांना पूरक उपाय

यावरून हे स्पष्ट होते की, जैविक वा जनुकीय उपाय हा जादूचा मंत्र नव्हे. शेतात कामगंध सापळे लावून किडीची चाहूल घेणे, टोमॅटोत झेंडूच्या ओळी लावून पतंगांना तिकडे वळविणे, कांद्याच्या लागवडीपूर्वी सुमारे महिनाभर आधी सभोवती मक्याच्या दोन ओळी पेरून फुलकिड्यांना आडविणे, ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे, मित्रकीटक सोडणे आणि कीड नुकसानीच्या पातळीपुढे गेली तरच निवडक रसायनाचा आधार घेणे, अशी ही साखळी आहे. राज्याच्या कृषी विभागाने २००९-१० पासून सुरू केलेल्या कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पामागेही हेच तत्त्व आहे : आधी मोजा, मग उपाय करा.

या मार्गात सामुदायिक प्रयत्नांना विशेष महत्त्व आहे. एका बागेत सोडलेला भुंगेरा शेजारच्या बागेतील विषारी फवाऱ्याने मरू शकतो. एका शेतातील पऱ्हाटी साऱ्या शिवाराला बोंडअळी पुरवू शकते. म्हणून गावाने किंवा गटाने एकत्र येऊन छाटणीच्या, पेरणीच्या व मित्रकीटक सोडण्याच्या तारखा ठरविल्यास खर्च कमी होतो आणि परिणाम टिकतो. विद्यापीठाची संशोधन केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे व तालुका कृषी अधिकारी यांचा सल्ला यासाठी उपलब्ध आहे.

तेव्हा पुढील खेपेस वेलीवर पांढरी लोकरी अळी दिसली, तर पंप उचलण्यापूर्वी काडीने ती हळूच उलटून पाहावी. ती चपळाईने चालत असेल आणि भोवतालचे पिठ्या ढेकूण फस्त झालेले असतील, तर तिला तिचे काम करू द्यावे. शेतकऱ्याचा तो बिनपगारी राखणदार होय.