वास घेऊन स्कपरनाँग ओळखता येतं का?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजारात बोराएवढी, जाड सालीची, हिरवट-सोनेरी द्राक्षं येतात. घडाने नाही, करवंदांसारखी सुटी सुटी. हे स्कपरनाँग, २००१पासून या राज्याचं अधिकृत फळ. ते मस्कडाइन (व्हायटिस रोटंडिफोलिया) या प्रजातीचं. आपल्या नाशिकच्या थॉमसन सीडलेसची प्रजाती वेगळी. तिच्या पेशीत ३८ गुणसूत्रं, तर मस्कडाइनच्या पेशीत ४०.

आता समजा, लेबल झाकून स्कपरनाँगची वाइन तुमच्या पुढ्यात ठेवली. ओळखाल?

आधी ग्लास काळा हवा. बोर्दो इथल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५४ जणांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं! डोळे नाकाला असे फसवतात.

मग वास. नावसाधर्म्यामुळे मस्कडाइन आणि मस्कॅट यांत गल्लत होते. मस्कॅटचा फुलांसारखा सुगंध मुख्यतः लिनालूल आणि जेरॅनिऑल यांचा. मस्कडाइनमध्ये जळक्या साखरेची, स्ट्रॉबेरीची आठवण देणारं फ्युरॅनिऑल आणि जड, उग्र गोडसर वासाचं अमिनोअ‍ॅसिटोफेनोन महत्त्वाचं. नुसत्या गुलाबाच्या वासावर मात्र विसंबू नका. तो वास देणारं फिनाइलइथेनॉल यीस्ट कुठल्याही वाइनमध्ये तयार करतं.

सरावलेलं नाक इथवर, म्हणजे प्रजातीपर्यंत, पोहोचू शकतं. पण वाण कोणता? स्कपरनाँग, की १९७०मध्ये आलेला कार्लोस? दोन्ही सोनेरी मस्कडाइनच. शिवाय फळाची पक्वता आणि घातलेली साखर यांनीही चव बदलते.

यासाठी त्रिकोणी चाचणी करतात. तीन ग्लास, त्यांतले दोन सारखे, वेगळा शोधायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच. १२ पैकी किमान ८ वेळा बरोबर येण्याची शक्यता मात्र जेमतेम दोन टक्के. तुम्हाला ८ जमले, तर फरक खरंच कळतोय असं म्हणता येईल. पण त्यातून दोन वाइन वेगळ्या आहेत एवढंच सिद्ध होतं. स्कपरनाँग कोणती, हे नाही. त्यासाठी खात्रीच्या वेलाची वाइन शेजारी हवी.

आणि खरी अडचण तिथेच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याही सोनेरी मस्कडाइनला सर्रास स्कपरनाँग म्हणतात. मूळ स्कपरनाँगची फुलं केवळ मादी. परागासाठी दुसरा वेल लागतो. त्यामुळे बी पेरून तोच वाण मिळत नाही. दाब कलमानेच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. चुकीच्या वेलाची कलमं वाटली गेली, तर नाव राहील आणि वाण निसटेल, तेही कुणाच्या लक्षात न येता.

म्हणून जुना वेल जपायचा असेल तर आधी फुलं पाहा आणि मग पानाची डीएनए चाचणी करा. वाइन चाखून प्रजातीचा माग लागेल. वाणाचा दाखला पानच देईल.