भांड्यावर नाव कुणाचे?

भंडारा शहराची जुनी ओळख पितळी भांड्यांची. भाणा म्हणजे पितळी ताट, त्यावरून भाणारा आणि पुढे भंडारा, अशी गावाच्या नावाची एक व्युत्पत्तीही सांगतात. पितळेचा गुंड घेतला की त्यावर नाव घालून घ्यायचे, लेकीला आंदणात द्यायचा, अडीनडीला गहाण ठेवायचा आणि अगदीच चेपला की मोडीत देऊन नवा आणायचा. दुकानदाराने दुकान बंद केले म्हणून गुंड गळायला लागत नाही, कारण पैसे हातावर पडले त्या क्षणी दुकानदाराचा त्याच्याशी संबंध संपलेला असतो. संगणकावरचा खेळ आज बहुधा असा विकला जात नाही. पैसे मोजून घेतलेला खेळही अनेकदा दुकानाच्या सर्व्हरला विचारून चालतो: हा माणूस अजून आपला गिऱ्हाईक आहे ना? या पहाऱ्याला डीआरएम म्हणतात. भांडे घरात असते, पण त्यावरचे नाव दुकानदाराचेच राहते. या रिवाजाला अपवाद म्हणून पोलंडमधले एक दुकान 2008 पासून उभे आहे. त्याचे नाव जीओजी, मूळ नाव ‘गुड ओल्ड गेम्स’. तिथे खेळाची पूर्ण इन्स्टॉलर फाइल उतरवून घेता येते आणि ती इंटरनेटशिवाय, दुकानाला न विचारता चालते. हे दुकान असेच राहील असा भरवसा धरावा का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कुलूप न लावण्याची ही रीत साधुत्वातून आलेली नाही, बाजारातून आलेली आहे. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की यांनी 1994 मध्ये वॉर्सात सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली, तेव्हा पोलंडमध्ये चोरट्या प्रतींचा सुकाळ होता. खरी प्रत महाग, चोरटी स्वस्त, आणि खेळ दोन्हींत तोच. यांनी पहारा वाढवला नाही, माल वाढवला. 1999 मध्ये ‘बाल्डर्स गेट’ या खेळाची पोलिश आवृत्ती काढताना खोक्यात नकाशा, पुस्तिका आणि संगीताची सीडी घातली आणि चोरट्या प्रतीपेक्षा खरी प्रत घ्यावीशी वाटेल असे केले. जीओजी हा त्याच हिशेबाचा पुढचा टप्पा. 2011 मध्ये त्यांचा स्वतःचा ‘द विचर 2’ आला, तेव्हा जीओजीवरची प्रत मोकळी होती आणि दुकानांतल्या डीव्हीडीवर सेक्युरॉम नावाचे कुलूप होते. चोरांना कुलूप असलेली प्रत फोडायला अडचण आली नाही. त्रास झाला तो पैसे भरणाऱ्यांना. थोड्याच दिवसांत कंपनीने ते कुलूप अपडेट देऊन काढून टाकले.

म्हणजे सचोटी आणि फायदा एका बाजूला होते, तोवर सचोटी टिकली. ते एका बाजूला नसतात तेव्हा काय होते, याचा पुरावाही याच दुकानाच्या चोपडीत आहे. जगभर एकच किंमत हे जीओजीचे दुसरे मोठे वचन होते. 2014 च्या सुरुवातीला काही नव्या खेळांसाठी देशागणिक वेगळ्या किमती जाहीर झाल्या, गिऱ्हाइकांनी गदारोळ केला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण त्याच वर्षी स्थानिक किमती आल्याच. ज्याला जास्त पैसे पडतील त्याला फरक दुकानातल्या खात्यात परत मिळेल, अशी तडजोड झाली. 2019 मध्ये ही भरपाईही परवडत नाही म्हणून बंद झाली. पाच वर्षांत वचन तीन पायऱ्या उतरले आणि प्रत्येक पायरीला कारण रास्तच दिले गेले. 2021 च्या सप्टेंबरात तर मूळ वचनालाच धक्का लागला. 2016 चा ‘हिटमॅन’ हा खेळ जीओजीवर विक्रीला आला, पण त्यातली हत्यारे आणि नवी ठिकाणे खुली व्हायला सर्व्हरशी जोडणी लागत होती. गिऱ्हाइकांनी नापसंतीचा पाऊस पाडला आणि ऑक्टोबरात खेळ विक्रीतून काढावा लागला. यातून दुकानाला लाज आहे असेही म्हणता येते, आणि पहारा गिऱ्हाइकांना करावा लागला असेही. दोन्ही खरे आहे. शिवाय 2025 च्या डिसेंबरात सीडी प्रोजेक्टने जीओजी सुमारे 9 कोटी झ्लॉटींना किचिन्स्की यांनाच विकायचे ठरवले. मालक बदलला, तो संस्थापकांपैकीच निघाला; पुढच्या वेळीही असेच होईल, हे कुठे लिहून ठेवलेले नाही.

मालक बदलल्यावर शब्दाचे काय होते, हे भंडाऱ्याच्या तलावांइतके क्वचितच कुठे पाहायला मिळते. इथले जुने तलाव कोहळी समाजाच्या हातचे. आता गोंदिया जिल्ह्यात असलेले नवेगावबांध 1999 पर्यंत भंडाऱ्याचेच होते. या तलावांचा मालक मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, पण पाण्यावर धानकऱ्यांचा, मासळीवर ढिवरांचा वावर. मालगुजार तलाव राखायचा, कारण त्याचे स्वतःचे धानही त्याच पाण्यावर पिकायचे. पण गावाचा निस्तार, म्हणजे सामायिक वापराचा हक्क, केवळ त्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. गावाच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदवलेल्या असत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1951 मध्ये हक्क सरकारकडे आले आणि हे ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले. त्यानंतर भांडायची वेळ आली की कामी आली ती नोंद. मालगुजार किती भला होता, ही आठवण नाही. आणि दुसरेही घडले. ज्याला तलावाची गरज होती त्याच्या हातून राखण गेली, आणि अनेक तलाव गाळाने भरले. हक्क कागदावर शाबूत, पण पाळ फुटकी, अशीही एक गत असते.

हाच दाखला जीओजीला लावला तर भरवशाचा प्रश्न दोन तुकड्यांत फुटतो. दुकान उद्या बदलेल का? बदलेल, किमतीच्या वचनाने ते दाखवून दिले आहे. पण दुकान बदलले तर आज घेतलेल्याचे काय होईल? इथे जीओजी इतरांहून वेगळे ठरते. 2019 मध्ये भरपाई बंद झाली तेव्हा आधी उतरवून ठेवलेल्या एकाही फाइलचे काही बिघडले नाही. उलट यूबीसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 ला ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांच्याकडे न चालणारी तबकडी उरली. चांगल्या दुकानाची परीक्षा त्याच्यावर किती विश्वास ठेवता येतो यात नसते. किती कमी विश्वासात व्यवहार पुरा होतो, यात असते.

यावर पहिला आक्षेप असा की जीओजीसुद्धा परवानाच विकते. खरे आहे. करारात मालकी नाही, तिथला खेळ दुसऱ्याला विकताही येत नाही, म्हणून गुंडाची बरोबरी पुरी होत नाही. पण हातातला परवाना आणि दुसऱ्याच्या फडताळात ठेवलेला परवाना यांत फरक आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: स्टीम हे खेळांचे दुकान 2003 पासून चालू आहे, कोट्यवधी लोक वापरतात, त्यांचे कुठे काय गेले? तिथले काही खेळ तर स्टीमशिवायही चालतात. पण हा युक्तिवाद मालगुजार भला आहे, एवढ्यावरच थांबतो. 2009 मध्ये ॲमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडल वाचनयंत्रांवरून ऑर्वेलचे ‘1984’ परस्पर पुसले, तेव्हाही दुकान बंद पडलेले नव्हते. कुणाच्या हातात काय आहे एवढेच त्यातून कळले. तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. इथे खेळ बहुतेक मोबाइलवर. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने शंभर जीबीची फाइल उतरवावी कधी आणि ठेवावी कुठे? हा आक्षेप मान्य करायलाच हवा. न उतरवलेला मोकळा खेळ हा कुलूपबंद खेळाइतकाच परावलंबी असतो. मात्र ज्या गावात जोडणी येते-जाते, तिथे खेळण्याच्या प्रत्येक वेळी परवानगी मागणाऱ्या खेळापेक्षा एकदाच उतरवावा लागणारा खेळ सोयीचा.

गाळाचा मुद्दा मात्र उरतोच. वीस वर्षांपूर्वीची फाइल जपून ठेवली तरी नव्या विंडोजवर ती चालेलच असे नाही. जीओजीने नोव्हेंबर 2024 मध्ये जुने खेळ नव्या यंत्रांवर चालते ठेवण्याचा संवर्धन उपक्रम सुरू केला, तेव्हा यादीत 100 खेळ होते. ही खरी तलाव-राखण आहे, आणि ती फाइलमध्ये बंद करून घरी नेता येत नाही. इथे दुकानाची गरज संपत नाही, आणि म्हणून भरवशाची गरजही पुरती संपत नाही.

मग वाजिब-उल-अर्जसारखी नोंद कुठे करायची? कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला आणि तो 2025 च्या आरंभापासून लागू झाला: परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरू नका. कायमची उतरवून ठेवता येणारी, जोडणीशिवाय वापरता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. म्हणजे जीओजीची रीत तिथे कायद्यानेच वेगळी ओळखली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 रीतसर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रामची राखीव प्रत नुकसानीपासून संरक्षण म्हणून काढू देते. 2012 मध्ये आलेले कलम 65अ कुलूप फोडणे गुन्हा ठरवते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. राखीव प्रतीचा हक्क आहे. ती प्रत काढता येईल असाच माल विका, असे मात्र कुठे म्हटलेले नाही. ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ निदान बिलावर तरी खरा असावा, एवढी नोंद मागायला हरकत नाही.

तोवर जीओजीवर भरवसा धरावा तो आज दिलेल्या मालापुरता. घेतलेला खेळ त्याच आठवड्यात उतरवावा, दोन ठिकाणी ठेवावा, आणि वर्षातून एकदा इंटरनेट बंद करून चालवून पाहावा. नवा गुंड घरी आला की आधी पाणी भरून तो कुठे पाझरतो का, हे पाहतातच. त्यात दुकानदाराचा अपमान नसतो.